म्हातारीचं बिऱ्हाड

काल रात्री फोनवर "आक्का, म्हातारी गेली गं" म्हणालीस आणि माझी भाकरी तव्यावर करपली. तुझ्या सासूबाईच डोळ्यांपुढं आल्या. मागून पोरांचा दंगा, त्यात तुझा आवाज कातर. दोन मिनिटांनी उलगडा झाला की गेली ती दुकानातली म्हातारी, तुझा एक्सपीवाला कॉम्प्युटर. असं बोलत जाऊ नकोस बाई, एखाद्या दिवशी माझाच जीव जायचा.

रात्री ह्यांची जेवणं व्हायची होती, फार बोलता आलं नाही. म्हणून आज दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलेय. चहा घे आणि पुरतं वाच. अर्ध्यातून उठून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नकोस, तुझी ती सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझी घालमेल कळते मला. तुळशीची लग्नं लागली, आता सिद्धनाथाचा रथ निघाला की म्हसवडात पत्रिकांची रांग लागणार. आणि आपल्याकडच्या पत्रिका काय साध्या असतात? निम्मा भाग सोन्या-चांदीच्या गलाईत गेलेला. चुलते मदुराईला, मामा विजयवाड्याला, थोरले बंधू कुठं आसामात. निमंत्रकांची नावं लिहिता लिहिता भारताचा नकाशा होतो. गिऱ्हाईक येतं ते "गेल्या साली पुतण्याची केली तीच काढा, नाव तेवढं बदला" म्हणत. ती गेल्या सालची फाइल म्हातारीच्या पोटात, आणि म्हातारी बोलेना. त्यात दादानं कोइमतूरहून पाठवलेला तो चकचकीत मॅक. त्याला सीडी घालायला फटच नाही. पेन ड्राइव्हवरून आपलं पत्रिका जुळवायचं पेजमेकर चालवायला गेलीस तर त्यानं सरळ हात वर केले. तुला वाटलं तू काहीतरी मोडलंस. काही मोडलं नाहीस. त्याचं कारण पुढं सांगते.

आधी म्हातारीकडं बघू. पंखा फिरतोय, पडदा काळा, आणि बीप-बीप वाजतंय, असं म्हणालीस ना? मग ती गेलेली नाही. गेलेलं मशीन ओरडत नाही. बहुतेक वेळा ही तक्रार रॅमच्या पट्टीची असते, आणि आपल्या माणदेशातली धूळ तुला सांगायला नको. वायर भिंतीतून काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लोखंडी डब्याला एकदा हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरेल. मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्टी वर काढ. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील, ते पोरांच्या पेन्सिलीच्या खोडरबरानं हळू घास, कापसानं पूस आणि पट्टी परत टक् आवाज येईपर्यंत बसव. माझं एक मशीन या खोडरबरावर चार उन्हाळे चाललं. तारीख दर वेळी मागच्या कुठल्या तरी सालात जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपलाय, तोही बदल. घड्याळवाल्याकडं मिळतो, सीआर २०३२ म्हणून माग.

आता जे सांगते ते तुला पटणार नाही. म्हातारी उठली की लगेच पत्रिकेला बसू नकोस. दारात नवरदेवाचा बाप उभा असला तरी बसू नकोस. पहिलं काम हार्ड डिस्कची नक्कल.

मी हे शहाणपण फुकट शिकले नाही. दहिवडीला दुकान टाकून आठ वर्षं झाली होती, आणि माझी डिस्क सकाळी कटकट वाजायला लागली, दातावर दात आपटल्यासारखी. मी म्हटलं, एवढा सोसायटीचा अहवाल उरकते आणि मग बघते. दुपारी चारला अहवालाच्या ताळेबंदाच्या पानावर ती थांबली ती थांबलीच. अहवाल तर गेलाच, पण त्यामागं आठ वर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, दहाव्याची पत्रं, सप्ताहाची पत्रकं, सगळं गेलं. तीन रात्री जागून जुन्या छापील प्रतीवरून अहवाल पुन्हा बडवला. चूक कुणाची? माझीच. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बसवून चहा पाजते, पण नक्कल आधी करते. दुकान म्हणजे पाटी, टेबल आणि झेरॉक्स असं लोकांना वाटतं. दुकान त्या डिस्कवर असतं गं.

नक्कल म्हणजे माय डॉक्युमेंट्स उचलून दुसरीकडं टाकणं नव्हे. तुझे फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात, कीबोर्डचा ड्रायव्हर तिसरीकडं, पेजमेकरच्या सेटिंगा चौथीकडं. एकेक वेचत बसलीस तर काहीतरी राहतंच. अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवायची. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं एक चिमुकलं साधन आहे, डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं. त्याची जुनी आवृत्ती एक्सपीवर चालते. तुझी ४० जीबीची डिस्क आजच्या ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आरामात मावते. फक्त तो पेन ड्राइव्ह आधी एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट कर, फॅट-३२ पद्धतीचा राहिला तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल तो पोटात घेत नाही आणि अर्ध्या रात्री 'जागा नाही' म्हणून रडतो. जागा असते, पण फाइल मोठी असते. यात मी एक रात्र घालवलीय.

म्हातारी नाहीच उठली तरी डिस्क बहुधा जिवंत असते. ती काढून घेऊन ये. रुंद पट्टीच्या जुन्या डिस्कला यूएसबी करणारी वायर माझ्याकडं आहे.

आता तुझा खरा प्रश्न: ही जुनी सॉफ्टवेअरं नव्या मशीनवर का चालत नाहीत, आणि चालवायची कशी.

पेजमेकर १९८५ सालचं, आल्डस नावाच्या कंपनीचं. १९९४ मध्ये अडोबीनं आल्डसच घेतली. शेवटचं पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्यानंतर त्यांनी त्याची नवी मोठी आवृत्ती काढली नाही, इनडिझाइन पुढं आणलं. म्हणजे आपण जे रोज चालवतो ते बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलंय. त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमचा गाभा ३२ बिटांचा, पण त्याला मशीनवर बसवणारा इन्स्टॉलरचा तुकडा मात्र त्याहून जुन्या १६ बिटांच्या पद्धतीचा असायचा. आजचं ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचं काही म्हणजे काही चालवत नाही. ३२ बिटांचं विंडोज १० मिळायचं तोवर थोडी पळवाट होती. विंडोज ११ नुसतं ६४ बिटांतच येतं, तिथं तीही बंद. म्हणून दुसऱ्या एखाद्या मशीनवर 'हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' असं आलं तर सीडी खराब झाली म्हणून टाकून देऊ नकोस. आपल्या बाजारपेठेतल्या किती जणांनी अशा चांगल्या सीड्या भंगारात घातल्या असतील!

काही जण सांगतील, प्रोग्रॅमवर उजवी टिचकी मार, कम्पॅटिबिलिटीत जाऊन 'विंडोज एक्सपी' निवड. करून बघ, कधी कधी लागतं. पण ते म्हणजे नव्या सुनेला सासूचं लुगडं नेसवण्यासारखं आहे. लांबून बरं दिसतं, चूल पेटवायची वेळ आली की कळतं.

मी करते ती गोष्ट वेगळी. दिवाळी झाली की आपल्याकडची धनगरं मेंढरं घेऊन खाली उतरतात, ते तू बघितलंयस. घोड्यावर सगळं बिऱ्हाड असतं. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, पाळण्यातलं पोर. मुक्काम कुणाच्याही रानात पडू दे, तीन दगडांची चूल मांडली की घर तेच. रान परक्याचं, संसार आपला. म्हातारीचं असंच बिऱ्हाड उचलायचं. नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्रॅम घालायचा. ओरॅकलचा आहे, फुकट मिळतो. तो नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करतो. त्याला खोटी रॅम, खोटी डिस्क, खोटा पडदा. त्या खोट्या डिस्कच्या जागी तू उतरवून घेतलेली ती नक्कल जोडायची. बटण दाबलं की खिडकीत तेच हिरवं माळरान, तोच निळा टास्कबार, तुझ्या डेस्कटॉपवरचा तोच गणपती. पेजमेकरला कळतही नाही की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत.

यात उगाच काही चोरवाट आहे असं समजू नकोस. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा महागड्या आवृत्त्यांसाठी खुद्द मायक्रोसॉफ्टनं 'एक्सपी मोड' म्हणून हेच दिलं होतं, ७ च्या पोटात अख्खं एक्सपी. परवान्याचं तेवढं बघ. डब्यावर चिकटवलेल्या स्टिकरचं विंडोज त्या डब्यापुरतंच असतं. वेगळं खोक्यात विकत घेतलेलं असेल तर ते दुसरीकडं नेता येतं. तुझ्याकडं ते जुनं खोकं असावं. नवऱ्यानं हौसेनं घेतलं होतं आणि तू महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हतीस. आता शोध ते माळ्यावर. घर बदललं की एक्सपी पुन्हा ओळख विचारतं, तेव्हा त्यावरचा नंबर लागेल.

पहिल्यांदा चालू करशील तेव्हा निळा पडदा येईल. घाबरू नकोस. नक्कल केलेल्या एक्सपीला आपली डिस्क जुन्या आयडीई पद्धतीनं जोडलेली लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ती साटाखाली लावलेली असेल तर एक्सपीला स्वतःचंच घर सापडत नाही. आयडीईखाली लाव, बहुतेक वेळा उठतं. रॅम ५१२ एमबी दे, त्याहून जास्तीची त्याला भूक नाही. आणि एक नियम पाळच: त्या खिडकीला इंटरनेट जोडू नकोस. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत. नेटवर्कच्या रकान्यात सरळ 'जोडलेलं नाही' करून टाक. फाइली आत-बाहेर करायला गेस्ट अॅडिशन्स नावाचा जोडप्रोग्रॅम घातला की शेअर्ड फोल्डर मिळतो, एक फोल्डर दोघींचा. आतून पीडीएफ करून त्यात टाकायची, बाहेरून उचलायची. पेजमेकर ७ बरोबर डिस्टिलर येत होता, तो त्यासाठीच. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरून दिला की सातारच्या प्रेसवाल्याला तुझा फॉन्ट मागावा लागत नाही, आणि प्रिंटरचे जुने ड्रायव्हर शोधायची कटकट पण जाते.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? स्नॅपशॉट. म्हातारी धडधाकट असताना एकदा तिचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. पुढं पोरानं काही केलं, वीज गेली, व्हायरस शिरला, एक टिचकी आणि ती पुन्हा त्या दिवसासारखी. माणसांना ही सोय नाही.

आता लॉक. इथं माझा आवाज जरा चढणार आहे.

आपल्या पिढीची मराठी सॉफ्टवेअरं लॉकवर यायची. मागं प्रिंटरच्या २५ टाचण्यांच्या भोकात एक बोटभर डबी लावायची, ती असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. आता ते भोकच नव्या मशीनला नसतं. बाजारात यूएसबी ते प्रिंटर अशी वायर मिळते, दुकानदार छातीवर हात ठेवून सांगेल की चालतंय. नाही चालत. ती वायर फक्त प्रिंटरशी बोलते. लॉक तपासणारा प्रोग्रॅम जुन्या पोर्टच्या ठराविक पत्त्यावर जाऊन हाक मारतो, आणि त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही. मी घेतलीय ती वायर, पडलीय ड्रॉवरमध्ये. यूएसबीचं लॉक असेल तर मात्र सोपं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी फिल्टर लावायचा, म्हणजे ते लॉक बाहेरच्या विंडोजला न दिसता थेट आतल्या एक्सपीच्या हातात जातं.

तुझं लॉक जुन्या भोकाचं आहे हे मला आठवतंय. तर दोन मार्ग. आधी कंपनीला फोन कर, बिल दाखव, लॉक बदलून किंवा नवी आवृत्ती सवलतीत मिळते का विचार. एका कंपनीनं मला दोन महिने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या एकीनं आठवड्यात दिलं, तेव्हा नशिबाचा भाग आहे. नाहीतर प्रिंटरचं भोक असलेलं एक जुनं डेस्कटॉप फक्त त्या सॉफ्टवेअरपुरतं कोपऱ्यात ठेव. आणि कुणी "ताई, क्रॅक टाकून देतो, लॉकच लागणार नाही" म्हणत आला तर त्याला पाणी पाजून वाटेला लाव. चोरीचं म्हणून तर लावच, शिवाय त्या क्रॅकबरोबर आणखी काय काय घरात येतं ते मी बघितलंय.

बरं, मॅक. दादानं इतक्या मायेनं पाठवला, आणि त्यावर म्हातारीचं बिऱ्हाड टाकता येत नाही हे तुला लागलंय. समजून घे म्हणजे राग जाईल.

आई कोइमतूरला महिनाभर राहून आली तेव्हाचं आठवतं? शेजारीण तमिळ बोलायची, आई माणदेशी, आणि मधे दादा. शेजारणीचं एक वाक्य, दादाचं मराठी, मग आईचं उत्तर, दादाचं तमिळ. गप्पा व्हायच्या, पण अर्ध्या तासात दोन वाक्यांच्या. म्हातारीचं आणि साध्या इंटेलवाल्या नव्या मशीनचं नातं जावाजावांचं, भाषा एकच, चुली वेगळ्या. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स तिथं पळतं. दादाच्या मॅकमधली चिपच वेगळ्या भाषेची, एआरएम जातीची. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलनं या चिपा टाकायला सुरुवात केली. तिथं एक्सपी चालवायचं तर मधे दुभाष्या बसवावा लागतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. मॅकवर यूटीएम नावाचा मिळतो, त्याच्या आत क्यूएमयू नावाचं इंजिन असतं. म्हातारीची प्रत्येक आज्ञा तो एआरएममध्ये उलथून सांगतो. चालतं, मी चालवून बघितलंय. एका पानाच्या पत्रिकेला ठीक आहे. चाळीस पानांच्या अहवालाला बसलीस तर पान उलटेपर्यंत आमटी उतू जाईल. म्हणून मॅक पोरीच्या अभ्यासाला ठेव, आणि दुकानाला एक साधा, कुणाचा तरी वापरलेला डेस्कटॉप बघ. इंटेल नाहीतर एएमडी असं विचारून घे. हल्ली विंडोजच्या काही लॅपटॉपांतही स्नॅपड्रॅगनची चिप येते. तीही एआरएमच. तिथंही पुन्हा दादा मधे बसणार.

यातली एक गंमत तुला सांगायची राहूनच जाईल. १९८४ मध्ये सरकारनं शाळांत कॉम्प्युटर शिकवायला 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता, त्यात बीबीसी मायक्रो नावाचं ब्रिटिश मशीन वापरलं होतं. ते बनवणारी कंपनी एकॉर्न. त्याच एकॉर्ननं पुढच्याच वर्षी आपली पहिली एआरएम चिप बनवली, आणि ती तपासली कशावर, तर बीबीसी मायक्रोलाच जोडून. म्हणजे आज तुझ्या म्हातारीला ज्या चिपेनं दाराबाहेर ठेवलं, तिची आजी आपल्या देशातल्या शाळांच्या टेबलावर बसून गेलीय! त्याच सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस नावाचं घरगुती मशीन परवाना घेऊन इथं विकायला काढलं, टीव्हीला लावायचं आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून प्रोग्रॅम भरायचे. आज त्या दोन्ही मशीनांचे एम्युलेटर साध्या फोनवर धावतात. इतक्या जुन्याला दुभाष्या जड जात नाही, तोंडात दोन शब्द तर असतात त्यांच्या. पोरानं तुझ्या दुकानात बसून डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचा हट्ट धरला होता ना, ते डॉसचे खेळ डॉसबॉक्समध्ये चालतात. खेळ वेडावाकडा पळाला तर कंट्रोल धरून एफ ११ दाब, वेग उतरतो.

आता सगळ्यात किचकट भाग, आणि मला वाटतं यातच तुझा जास्त वेळ जाणार. बिऱ्हाड हलवलंस तरी आतली मराठी अजून जुनीच आहे. टायपिंगच्या क्लासला सर सांगायचे, आठवतं? तू ३० ची परीक्षा दिलीस, मी ४० ची, हे मी अजून विसरले नाहीये. सर म्हणायचे, आयआयटी कानपूरला जिस्ट नावाचं तंत्र निघालं, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली तिनं ते पुढं नेलं, आणि त्याचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये खोचलं की डॉसचे इंग्रजी प्रोग्रॅम मराठी अक्षरं दाखवायला लागायचे. तेव्हाही तेच, परक्या मशीनमध्ये आपलं काहीतरी खोचायचं. पुढं विंडोज आलं आणि आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांवर आलो. त्यात कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतंच. त्याच्या लेखी फाइलीत इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा. फॉन्टनं वरून मराठीचं सोंग चढवलेलं. फॉन्ट काढला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, आणि विंडोज २००० पासून मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्ट घरातच येतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून आपण मागं राहिलो.

जुन्या मजकुराचा युनिकोड करायला कन्व्हर्टर मिळतात. पण प्रत्येक घराण्याच्या फॉन्टचा खणांचा क्रम वेगळा, तेव्हा कन्व्हर्टरही त्या घराण्याचाच हवा. आणि क्रम उलटा असतो. 'शिंगणापूर' जुन्या फाइलीत आधी वेलांटी मग श, युनिकोडात आधी श. 'सूर्यवंशी' मधला रफार जुन्यात य च्या मागं, युनिकोडात र आधी येतो. चांगला कन्व्हर्टर हे सगळं सरळ करतो. फसतो कुठं, तर आपल्या अर्ध्या र ला. सप्ताहाच्या पत्रकात एक ओळ होती, महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार. कन्व्हर्टरनं दोन्हीकडं रफार चढवला. 'करणार्या' माझ्या डोळ्याला खुपलं, ते मी दुरुस्त केलं. 'आचार्यांचा' मात्र शब्द खरा असल्यानं सुटला. चारशे पत्रकं गावभर वाटली, आचार्यांचा सत्कार म्हणून. मंडळी चिडली, मी पैसे घेतले नाहीत. आमचे आचारी मात्र ते पत्रक अजून घडी करून खिशात ठेवतात.

हा अर्धा र युनिकोडात लिहायची रीत ऐकून तुला मजा वाटेल. टिंबवाला ऱ हे अक्षर तिथं तमिळसारख्या दक्षिणी भाषांतल्या र साठी ठेवलंय, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपल्या वऱ्हाडातला, बिऱ्हाडातला र. दादाचं तमिळ शेवटी असं कामाला आलं. म्हणून कुठलाही कन्व्हर्टर हातात आला की आधी त्याला दहा शब्द खायला दे: शिंगणापूर, सूर्यवंशी, वऱ्हाडी, कुऱ्हाडे, आचाऱ्यांना, ज्ञानेश्वर, द्वितीय, राष्ट्र, कुर्डुवाडी, आणि तुझं स्वतःचं नाव. दहाच्या दहा बरोबर आले तर पुढं जा.

सगळं बदलत बसू नकोस मात्र. माझं मत म्हणशील तर पत्रिका जुन्यातच राहू देत, बिऱ्हाडात. नाव बदललं, पीडीएफ केली, संपलं. युनिकोडात आण ते जे दर साली वाढतं: सोसायटीच्या अहवालाचा मजकूर, भजनी मंडळाची वही, बचत गटाच्या याद्या. बचत गटातल्या बायकांना मजकूर व्हॉट्सॲपवर हवा असतो, तिथं सोंग चालत नाही. नवं काम घेशील ते मात्र पहिल्यापासून युनिकोडात कर. बोटं कुरकुरतील, पण टाइपरायटरचा कीबोर्ड युनिकोडातही मिळतो, तुझी ३० ची बोटं वाया जायची नाहीत.

रविवारी ये. ह्यांना सांगून ठेवलंय, दुपारचं जेवण इथंच. डबा अख्खा आणू नकोस, एसटीत मांडीवर घेऊन बसशील आणि खड्ड्यात डिस्क आपटेल. नुसती डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून आण. पेजमेकरची सीडी, फॉन्टच्या फ्लॉप्या असतील त्या, विंडोजचं खोकं. लॉक पर्समध्ये ठेवू नकोस, गेल्या वेळी किल्ल्यांबरोबर ते बाहेर पडलं होतं बाजारात. रुमालात बांधून कमरेला खोच. आणि आटपाडीवरून आईनं डाळिंबं पाठवली असतील तर त्यातली चार माझ्यासाठी उचल, तुझ्या पोरांच्या हाती लागायच्या आधी.